तळपद्यांचा फळा

मनमोहन तळपदे मला पहिली दोन वर्षं अजिबात आवडत नव्हते. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की मी त्यांची आरती ओवाळायला बसलोय. सकाळी दहाच्या ठोक्याला कचेरीत येऊन जो माणूस हसतो, त्याचा मला आजही संशय येतो. तळपदे तर नुसते हसत नसत, चौकशा करत. आईचा गुडघा कसा आहे, घरमालकाने नळ दुरुस्त केला का, काल शर्टाला होतं ते बटण आज कुठं गेलं. अशा माणसाला उत्तरं देता देता कामाआधीच थकायला होतं.

आमची कचेरी फोर्टात. विलायती विमा कंपनी. नाव सांगत नाही, कारण मी अजून तिथंच आहे. आम्ही बारा कारकून एका लांबट दालनात बसायचो आणि दालनाच्या टोकाला काचेच्या खोलीत साहेब. त्रेपन्न साली राजाध्यक्ष नावाचे नवे साहेब आले. मराठी माणूस साहेब झाला म्हणून आम्ही त्यांना हौसेने हार घातला, आणि दुसऱ्याच महिन्यात त्यांनी सुतार बोलावले. प्रत्येक टेबलाभोवती तीन बाजूंनी सागवानी फळ्या उभ्या राहिल्या, बसलेल्या माणसाच्या डोक्याहून वीतभर उंच. कारकून एकमेकांना दिसले की बोलतात आणि बोलले की काम थांबतं, असं त्यांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचलं होतं. आम्ही त्या प्रकाराला खुराडी म्हणायचो. आत बसलं की दिसायचा तो फक्त वरचा पंखा आणि ऐकू यायचं ते शेजारच्याचं खोकणं. बंडू सामंत आपल्या खुराड्यात तीन दिवस तापाने फणफणत बसला होता. चौथ्या दिवशी टेबलावर डोकं आपटल्याचा आवाज झाला, तेव्हा आम्हाला पत्ता लागला.

त्या दिवसानंतर तळपद्यांनी ते मनावर घेतलं.

तळपदे फणसवाडीतले, जुन्या पाठारे प्रभू घराण्यातले. 'अर्धं गिरगाव आमचं होतं' हे वाक्य ते महिन्यातून दोनदा तरी म्हणत, आणि 'उरलेलं अर्धं मावशीचं' हा त्यावरचा विनोदही स्वतःच करून हसत. आता त्याच वाडीत ते दोन खोल्यांत भाड्याने राहत होते. घरी पत्नी दुर्गाबाई आणि एकुलती मुलगी नलू. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगाने काटकुळे, पण टोपीपासून धोतरापर्यंत सगळं कडक इस्त्रीचं. एकाच गोष्टीचा त्यांना गर्व होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. तो म्हणजे त्यांचं अक्षर. त्यांच्या हातचं साधं पाकीट आलं तरी फाडायला जीव होत नसे.

फणसवाडीच्या तोंडाशी एक काळा फळा आहे. गिरगावात बहुतेक वाड्यांना असतो. कोण वारलं, कुणाचा मुलगा मॅट्रिक झाला, उद्या पाणी कधी जाणार, आणि वरच्या अंगाला एखादं सुवचन. वीस वर्षं तो फळा तळपदेच लिहीत होते. त्याचे त्यांनी दोन नियम करून ठेवले होते. सकाळी लिहिलेलं दिवेलागणीपर्यंत कुणी पुसायचं नाही, हा एक. आणि दुसरा असा की फळ्यावर कुणीही काहीही लिहिलेलं असो, त्याला जबाबदार ज्याच्याकडे खडू तो.

"वाडीतली टारगट पोरं काहीबाही लिहून जातात रे," त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. "कुणी लिहिलं ते शोधत बसलं तर घराघरात भांडणं लागतात. म्हणून मी म्हणतो, फळा माझा, शिव्या मला द्या. मिटलं."

मी तेव्हा मनातल्या मनात हसलो होतो. गाढवाचं ओझं आपण होऊन पाठीवर घेणारा माणूस प्रथमच पाहत होतो.

तर तसलाच एक फळा तळपद्यांनी कचेरीत आणला. पिण्याच्या पाण्याच्या माठावर, भिंतीला स्क्रूने बसवला. पहिल्याच दिवशी वर लिहिलं, 'वक्तशीरपणा हा कारकुनाचा दागिना'. साहेब पाणी प्यायला आले, वाचून खूश झाले आणि फळा राहिला. दुसऱ्या दिवसापासून त्या दागिन्याच्या खाली खरा मजकूर सुरू झाला. 'सामंत यांना ताप नाही, पण अशक्तपणा आहे. त्यांच्याकडून कुणी उष्टी बिडी मागू नये.' 'शिपाई सीताराम यांस लालबागेत कन्यारत्न. पेढ्यांऐवजी त्यांनी चणे आणले आहेत, तक्रार करू नये.' दोन ओळी, फार तर तीन. पण त्या दोन ओळींसाठी बाराही माणसं सकाळी माठापाशी यायला लागली. तहान नसताना पाणी पिऊ लागली. मीसुद्धा.

मग बुधवारची अंगतपंगत आली. जेवणाच्या सुट्टीत रेकॉर्ड रूममधली दोन टेबलं जोडायची, वर जुनी वर्तमानपत्रं पसरायची आणि सगळे डबे एकत्र उघडायचे. दुर्गाबाईंच्या हातचं कोळंबीचं भानोलं, म्हणजे प्रभूंकडची ती खमंग भाजलेली वडी, मी पहिल्यांदा तिथंच खाल्लं. शांतिलाल मेहता म्हणून आमच्यात एकच गुजराती होता. तो कांदासुद्धा खात नसे. त्याच्यासाठी टेबलाचं एक टोक वेगळं राखलेलं असायचं, आणि तळपदे आपल्या घरून त्याच्यापुरतं काहीतरी निराळं आणायचे. वाढदिवस त्यांनी सगळ्यांचे पाठ केले होते. बारांतल्या एकाचाही चुकवायचा नाही हा नेम. ज्याचा असेल त्याच्या आवडीचा पदार्थ आणि फळ्यावर नाव.

माझं खुराडं त्यांच्या खुराड्याला लागून होतं. चार वाजले की मधल्या फळीवर दोनदा टकटक व्हायची. चहा आला, असा त्याचा अर्थ. मी उलट दोनदा वाजवायचो. येतो.

चौपन्नच्या श्रावणात माझे वडील गेले. तेरा दिवसांनी कामावर परतलो तेव्हा मला एकच धास्ती होती की तळपदे फळ्यावर माझ्या नावाने काहीतरी लिहितील आणि मग अकरा जण येऊन अकरा वेळा तेच विचारतील. फळ्यावर माझं नाव नव्हतं. कुणी काही विचारलं नाही. माझ्या टेबलावर तुंबलेल्या कागदांचा ढीग असायला हवा होता, तो नव्हता. तेरा दिवसांचं माझं काम त्या सुबक अक्षरात पुरं झालं होतं. चारला टकटक झाली. मला उलट वाजवायला जरा वेळ लागला, कारण मी रडत होतो. त्या दिवसापासून मला तो माणूस आवडायला लागला.

आता पंचावन्नच्या नोव्हेंबराकडे येतो. टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं दिल्लीत ठरत होतं आणि गिरगावात लोक रस्त्यावर येत होते. मी सव्वीस वर्षांचा, रक्त गरम, त्यात तोंडाचा तिखट. कचेरीत सगळ्यात मोठ्याने मीच बोलायचो. तळपदेही संयुक्त महाराष्ट्राचे, त्यात शंका नव्हती, पण ते सभेला जाऊन यायचे आणि गप्प बसायचे. मला ते मिळमिळीत वाटायचं. सोमवारी, एकवीस तारखेला, हरताळ जाहीर झाला होता. शनिवारी कचेरी अर्धा दिवस. तळपदे त्या दिवशी बारालाच परवानगी घेऊन गेले, नलूच्या कॉलेजात कसलासा बक्षीस समारंभ होता. त्या दिवशी काही बातमी नव्हती म्हणून फळा रिकामा, खडू तिथंच. बंडू सामंत म्हणाला, "अच्युत, तू नुसता बोलतोस. लिही की काहीतरी."

मी लिहिलं. मोठ्या अक्षरांत, फळा भरून. 'सोमवारी कामावर येईल तो महाराष्ट्राचा वैरी. दुपारी चला फाउंटनला.' माझ्याभोवती नऊ जण उभे होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. शांतिलाल आपल्या खुराड्यात होता. त्याने बाहेर येऊन वाचलं, छत्री घेतली आणि घरी गेला. मला फार बरं वाटलं. त्या दिवशी मी कचेरीतून निघालो तो छाती काढून.

सोमवारी मी खरंच फाउंटनला निघालो होतो. धोबी तलावापर्यंत पोचलो. समोरून पोलिसांच्या गाड्या गेल्या. एका इराण्याचं अर्धं दार उघडं होतं, तिथं मी चहा घेतला, मग दुसरा घेतला, आणि आई घाबरली असेल अशी स्वतःची समजूत घालून घरी आलो. फाउंटनला त्या दुपारी गोळीबार झाला आणि पंधरा माणसं गेली. मी तेव्हा मुगभाटात आमच्या खोलीत खिडकी लावून बसलो होतो. पुढं लोकांना मी 'फाउंटनच्या अलीकडेच होतो' असं सांगत आलो. धोबी तलावही अलीकडेच आहे म्हणा.

आता गंमत ऐका. त्या सोमवारी आमच्या कचेरीत दोन कारकून कामावर आले. एक शांतिलाल, कारण त्याला जायला दुसरीकडे कुठं नव्हतं. आणि दुसरे तळपदे. ट्राम नाही, बस नाही, फणसवाडीपासून ते चालत आले, हातात दुर्गाबाईंनी दिलेला केशरी शिऱ्याचा डबा घेऊन. एकवीस नोव्हेंबर हा शांतिलालचा वाढदिवस होता.

सीताराम लालबागेतून पहाटेच पायी निघून कचेरीत आला होता, त्याने पुढचं सगळं पाहिलं आणि मला सांगितलं. साहेब त्या दिवशी गडबडीच्या धास्तीने साडेनऊलाच येऊन बसले होते आणि फळ्यापुढे उभे होते. तळपदे आले. त्यांनी फळा वाचला. अक्षर कुणाचं ते त्यांना वाचायच्या आधीच कळलं असणार, कारण अक्षर या एका बाबतीत त्यांची नजर कधी चुकत नसे.

"हे कुणी लिहिलं?" साहेबांनी विचारलं.

"फळा माझा आहे, साहेब."

"ते मला माहीत आहे. लिहिलं कुणी?"

"फळा माझा आहे," तळपदे पुन्हा म्हणाले. "जे काय असेल ते माझ्या नावावर घ्या."

मग ते शांतिलालच्या खुराड्यात गेले. बाहेर शहर पेटलेलं, आणि आत ती दोन माणसं आणि सीताराम शिरा खात बसली. ज्या फळ्यावर कामावर येणाऱ्याला वैरी म्हटलं होतं, त्याच फळ्यावर खाली उरलेल्या बोटभर जागेत तळपद्यांनी लिहिलं होतं, 'आज श्री. शांतिलाल मेहता यांचा वाढदिवस. अभीष्टचिंतन.' माझी ओळ त्यांनी पुसली नाही. ती शनिवारची असली तरी सकाळची वेळ होती, दिवेलागण व्हायची होती.

मंगळवारी आम्ही सगळे हजर. अकराच्या सुमारास साहेब दालनात आले. त्यांना वरच्या गोऱ्या साहेबांकडे एक नाव द्यायचं होतं. दहा माणसं गैरहजर राहिली याची त्यांना फिकीर नव्हती, शहरच बंद होतं. पण कंपनीच्या भिंतीवर चिथावणी लिहिली गेली, त्याला कुणीतरी हवा होता. खुराड्यांच्या मधल्या वाटेने ते सावकाश चालत गेले. आम्ही त्यांना दिसत नव्हतो आणि ते आम्हाला दिसत नव्हते, नुसते बूट वाजत होते.

"तळपदे म्हणतात फळा त्यांचा आहे," साहेब म्हणाले. "तसं असेल तर आज त्यांचा इथला शेवटचा दिवस. दुसऱ्या कुणी लिहिलं असेल तर त्याने पाच वाजेपर्यंत माझ्या खोलीत यावं. पाचनंतर मी ऐकणार नाही."

पाच वाजायला सहा तास होते. सहा तासांत माणूस काय काय विचार करतो ते मी केले. माझी आई होती, वडिलांना जाऊन सव्वा वर्ष झालं होतं, बहीण लग्नाची होती. कारणं होती, कारणं सगळ्यांनाच असतात. तळपद्यांनाही होती, त्यांची नलू कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती. मी स्वतःला समजावत होतो की साहेब नुसता धाक घालताहेत, पंचवीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला कोण काढतं, तळपदे साहेबांचे लाडके आहेत, दोन दिवसांनी निवळेल. शनिवारी टाळ्या वाजवणारे नऊही जण आपापल्या खुराड्यात बसून हाच विचार करत असणार. अळीमिळी गुपचिळी. त्या दिवशी मला साहेबांच्या सागवानी फळ्यांचा पहिल्यांदा उपयोग झाला. कुणाला कुणाचं तोंड बघावं लागलं नाही.

तीन वाजता एक खुर्ची सरकली. शांतिलाल उठला होता. तो साहेबांच्या खोलीत गेला आणि दार उघडंच राहिलं, म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"साहेब, मनमोहनभाई शनिवारे बारा वाजता घरी गेले होते. तेव्हा फळा कोरा होता. मी डोळ्याने जोयला आहे."

"मग लिहिलं कुणी?"

शांतिलालने आपल्या डोळ्यांनी माझ्या बोटांवरचा खडू पाहिला होता.

"ते ज्याने लिहिलं त्याने सांगावं. मी नाय सांगणार. पण मनमोहनभाई नाय."

ज्याला मी फळाभर अक्षरांत वैरी म्हटलं, तो एकटा उठला. त्यालाही साहेबांनी खोलीतून हाकलून दिलं, कारण त्यांना नाव हवं होतं आणि त्याच्याकडे नाव असून त्याने दिलं नाही.

चार वाजता मधल्या फळीवर टकटक झाली. दोनदा. रोजच्यासारखीच, ना जोरात ना हळू. चहा आला होता. त्या टकटकीचा दुसरा काही अर्थ होता असं मला वाटत नाही. तळपदे तसे आडून काही मागणारे नव्हते. मी हात उचलला, फळीपर्यंत नेला आणि परत मांडीवर ठेवला.

पाच वाजले. तळपद्यांनी दौत, टाक, टोपी आणि खडूची डबी घेतली. दालनातून जाताना ते कुठं थांबले नाहीत. याच माणसाने दोन वर्षांत चार जणांचे निरोप समारंभ केले होते, प्रत्येकाला हार, प्रत्येकासोबत फोटो. त्याच्यासाठी एक माणूस उठून दारापर्यंत गेला, तो म्हणजे सीताराम. त्याने त्यांची छत्री धरली होती.

त्यांच्या मागे कचेरी कशी झाली ते सांगण्यासारखं नाही. फळा साहेबांनी काढायला लावला आणि तिथं रजेची नियमावली चिकटवली. पुढच्या बुधवारी जेवणाच्या सुट्टीत बाराऐवजी अकरा डबे अकरा खुराड्यांत उघडले. टेबलं जोडावीत असं कुणी म्हणालं नाही. शांतिलालने सहा महिन्यांत अहमदाबादला बदली मागून घेतली. त्याच्या निरोपाला हार आणायला हवा हे कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण लक्षात ठेवणारा माणूस गेला होता. आणि मला बढती मिळाली. तळपद्यांचं काम मला ठाऊक होतं ना.

चिथावणीखोर म्हणून काढलेल्या माणसाला फोर्टात कुणी उभं करेना. पुढं ठाकुरद्वारच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायला लागले, असं सीताराम सांगायचा. नलूने कॉलेज सोडलं आणि टेलिफोन ऑपरेटर झाली. सीताराम दर दिवाळीला त्यांच्याकडे जाऊन यायचा. मी जात नव्हतो. एकदा ते समोरून येताना दिसले, तर मी झटकन एका जोड्याच्या दुकानात शिरलो आणि नको असलेल्या चपला घेऊन बाहेर पडलो. त्या मला दोन वर्षं चावल्या.

साडेचार वर्षं अशी गेली. साठ साली महाराष्ट्र झाला. एक मे रविवारी येत होता म्हणून आमच्या कचेरीत शनिवारीच समारंभ ठेवला. जोडलेली टेबलं मी इतक्या वर्षांनी पाहिली. राजाध्यक्ष साहेबच अध्यक्ष. आता ते भगवा फेटा बांधून आले होते, उगवत्या सूर्याला नमस्कार करायला त्यांना कधी कुणी शिकवावं लागलं नाही. भाषणं झाली. मग बंडू सामंत उठला आणि म्हणाला, "आज एक गुपित सांगतो. पंचावन्न साली या कचेरीच्या भिंतीवर ज्याने निर्भयपणे लिहिलं, तो वीर आपल्यातच बसला आहे. आपले अच्युत पाटणकर."

टाळ्या वाजल्या. वाजवणारे हात बरेचसे तेच होते. साहेबांनी माझ्या गळ्यात हार घातला, हातात नारळ दिला आणि हसून म्हणाले, "मला तेव्हाच अंदाज होता हो."

मी नारळ घेतला. तळपदे हे नाव त्या समारंभात एकदाही निघालं नाही. मला काढता आलं असतं. माझ्यासमोर माईक होता. मी म्हणालो, "मी माझं कर्तव्य केलं."

घरी आल्यावर तो हार मला टांगवेना आणि टाकवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेढ्यांचा पुडा घेतला आणि फणसवाडीला निघालो. आज सांगून टाकायचं, पाया पडायचं, आणि सोमवारी कचेरीत उभं राहून खरं काय ते बोलायचं, असं ठरवलं होतं. रस्त्यात गुढ्या, तोरणं, घरोघरी रांगोळ्या. वाडीच्या तोंडाशी पोचलो आणि समोर फळा.

तेच अक्षर. वर 'महाराष्ट्र राज्याच्या जन्मदिनी वाडीकरांस शुभेच्छा'. आणि खाली, 'सन १९५५च्या लढ्यात आपल्या कचेरीच्या फळ्यावर निर्भयपणे लिहिणारे आमचे स्नेही श्री. अच्युत पाटणकर यांचा काल सत्कार झाला. हार्दिक अभिनंदन.'

सीतारामने आदल्या संध्याकाळीच येऊन सांगितलं असणार. मी तिथंच उभा राहिलो. फळ्याच्या बाजूला तळपदे फडक्याने बोटं पुसत होते. फार वाळले होते. धोतराची इस्त्री मात्र तशीच.

"ये रे अच्युत," ते म्हणाले. "आईचा गुडघा कसा आहे?"

"मनमोहनराव, हे पुसा."

"अरे, दिवेलागण व्हायचीय. तुला नियम ठाऊक आहे."

"हे खोटं आहे."

ते फळ्याकडे वळले. मुद्रितं तपासतात तशी त्यांनी ओळ वाचली, बोट फिरवत, एकेक शब्द.

"खोटं काय त्यात? लिहिलं होतंस तूच. कचेरीचा फळाही खरा. सत्कार काल झाला तोही खरा." त्यांचं बोट एका जागी थांबलं. "हं. 'निर्भयपणे' हा शब्द सीतारामने सांगितला. सामंत तसं म्हणाले म्हणे. तेवढा तुला नको असेल तर पूस. नियमात बसत नाही, पण तेवढ्यापुरती मी पाठ फिरवतो."

त्यांनी डस्टर माझ्या हातात दिलं आणि खरंच पाठ फिरवली. आवाजात राग नव्हता. असता तर मी त्यांच्या पायांवर पडू शकलो असतो.

मी डस्टर धरून फळ्यासमोर उभा होतो. एक शब्द, चार बोटं रुंद. तेवढ्यात वाडीतून दोघं म्हातारे गृहस्थ बाहेर आले, डोक्याला नव्या टोप्या, छातीला बिल्ले. त्यांनी फळा मोठ्याने वाचला आणि माझ्याकडे पाहिलं.

"पाटणकर म्हणजे तुम्हीच का?" एकाने विचारलं.

तळपदे पाठमोरेच होते. त्यांनी मान वळवली नाही.

"हो, मीच," मी म्हणालो, आणि डस्टर फळ्याखालच्या पट्टीवर ठेवून दोघांना पेढा दिला.